किरणांचा घाव व पेशींतील धाकटे सेवक

श्रीरामपूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांस कांदा म्हणजे काय हें सांगावयास नको. उन्हाळी कांदा चाळींत भरून ठेवावा, चांगल्या भावाची वाट पाहावी, आणि पावसाळा सरतां सरतां त्यास कोंब फुटूं लागले म्हणजे कपाळास हात लावावा, हा अनुभव आमच्या कित्येक वाचकांच्या घरचाच आहे. मागील वर्षीं विज्ञानाच्या तासास याच कांद्यावरून बोलणें निघालें. नाशिक जिल्ह्यांत लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें उभारलेलें किरणसंस्कार केंद्र आहे. तेथें कांद्यावर गॅमा-किरण सोडले असतां तो कोंब धरीत नाहीं, असें सांगून आम्ही पुढील धड्याकडे वळणार, तोंच मागील बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याच्या धाकट्या बहिणीच्या मेंदूंत गांठ निघाली होती व तिच्यावर मुंबईस किरणोपचार चालू होते, हें सर्व वर्गास ठाऊक होतें. तो म्हणाला, "सर, जो किरण कांद्याचा कोंब मारतो, तोच माझ्या बहिणीस बरें कसें करील? आणि तो गांठ मारील, तर मेंदू राखील कशावरून?"

वर्ग स्तब्ध झाला. त्या दिवशीं आम्हीं जें उत्तर दिलें, तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. पुढें त्या प्रश्नाचा माग घेत आम्ही बरेंच वाचलें, आणि असें दिसून आलें कीं, जगांतील मोठमोठे संशोधक आज ज्या प्रश्नाशीं झुंजत आहेत, तोच या मुलानें साध्या शब्दांत विचारला होता. त्या वाचनाचें सार येथें विद्यार्थिवर्गापुढें ठेवीत आहों.

प्रथम किरणांची थोडी ओळख करून घेऊं. इ. स. १८९५ मध्यें जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षीं पॅरिस येथें बेकरेल यांनीं युरेनियमपासून आपोआप निघणारे किरण पाहिले, आणि १८९८ मध्यें मेरी व पिएर क्युरी या दांपत्यानें रेडियम शोधून काढलें. या किरणांनीं कातडी भाजते, गांठी विरघळतात, हें लवकरच लक्षांत आलें. परंतु ते सजीवाच्या आंत नेमकें काय करतात, हें गूढच राहिलें. १९२७ मध्यें अमेरिकेंतील मुलर यांनीं फळांवर घोंघावणाऱ्या लहान माशांवर क्ष-किरण सोडून दाखविलें कीं, त्यांच्या योगानें आनुवंशिक गुणांतच पालट होतो व तो पालट पुढील पिढ्यांत उतरतो. म्हणजे किरणांचा घाव केवळ अंगावर बसत नाहीं. पिढीजात चालत आलेल्या लेखावर बसतो. हा लेख कशावर लिहिलेला आहे, हें मात्र १९५३ मध्यें डीएनएची रचना उलगडल्यावरच स्पष्ट झालें. गमतीची गोष्ट ही कीं, ज्या क्ष-किरणांनीं हा धागा तुटतो, त्याच क्ष-किरणांनीं रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेंत काढलेल्या छायाचित्रांवरून त्याची पिळदार आकृति उमगण्यास साह्य झालें.

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकांत डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. तो सरळ ताणला तर सुमारें दोन मीटर लांब भरेल. आणि तो ज्या केंद्रकांत मावतो, तें मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि लहान! या दुपदरी धाग्यावर चार रासायनिक अक्षरें निरनिराळ्या क्रमानें ओंवलेलीं आहेत. आईकडून सुमारें तीनशें कोटि व बापाकडून तितकींच, अशी ही अक्षरांची शिदोरी प्रत्येकास मिळालेली असते. कोणतें प्रथिन कसें बनवावें, याच्या कृति या अक्षरांत लिहिलेल्या आहेत. त्यांनाच आपण जनुकें म्हणतों.

आतां घावाचें स्वरूप पाहूं. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापानें मोजतात. एक किलोग्रॅम वजनाच्या पदार्थांत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे ती मात्रा एक ग्रे झाली. चार ग्रे मात्रा मनुष्याच्या सर्व शरीरास एकदम बसली, तर अंगाचें तपमान एका अंशाच्या हजाराव्या हिश्शाएवढेंच वाढेल. गरम चहाचा एक घोट त्याहून अधिक ऊब देतो. तरीहि उपचार न मिळाल्यास अशा माणसांपैकीं सुमारें निम्मीं कांहीं आठवड्यांत दगावतील. यावरून हें उघड होतें कीं, किरणांचें सामर्थ्य त्यांच्या उष्णतेंत नसून ते कोठें आघात करतात यांत आहे. पेशींतून जातांना ते कधीं प्रत्यक्ष डीएनएवर आदळतात. बहुधा मात्र ते पेशींतील पाण्याचे कण फोडतात, आणि त्यांतून निघालेले अत्यंत अस्थिर व उतावळे तुकडे धाग्यास जाऊन डसतात. एक ग्रे मात्रेनें एका पेशींतील धाग्याचा एकच पदर तुटण्याचे सुमारें हजार प्रसंग घडतात, आणि दोन्ही पदर एकाच ठिकाणीं तुटण्याचे सुमारें चाळीस.

एक पदर तुटला तर त्याची फारशी चिंता नसते. समोरचा पदर शाबूत असल्यानें त्याच्यावरून अचूक दुरुस्ती होते. दोन्ही पदर तुटले म्हणजे मात्र खरा प्रसंग ओढवतो. पेशी तुटलीं टोकें कशींबशीं जोडते, किंवा दुसऱ्या प्रतीवरून पाहून नीट सांधते, किंवा दुरुस्ती आवांक्याबाहेरची आहे असें पाहून स्वतःचा शेवट करून घेते. चौथीहि एक वाट आहे, व ती सर्वांत वाईट: चुकीची जोडणी होते, पेशी तशीच जगते, आणि तीच चूक घेऊन वाढत जाते. कर्करोगाचें बीज पुष्कळदां येथेंच पडतें.

हीच चूक वनस्पतींत क्वचित् उपकारकहि ठरते. ट्रॉम्बे येथील शास्त्रज्ञांनीं भुइमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून पालटलेलीं रोपें निवडलीं व त्यांचे संकर केले. त्यांतूनच पुढें १९९१ मध्यें प्रसृत झालेला टीएजी-२४ हा वाण महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या हातीं आला. परंतु एका चांगल्या रोपासाठीं हजारों वाईट रोपें उपटून टाकावीं लागतात. माणसाच्या मुलांविषयीं असा विचार स्वप्नांतहि करतां येत नाहीं.

कांद्याचें कोडें आतां सहज सुटेल. कोंब म्हणजे भराभर विभागणाऱ्या पेशींचा पुंजका. पेशी विभागते तेव्हां तिला आपल्या धाग्याची नक्कल करावी लागते. धागा तुटका असेल तर ती अडते. लासलगांवीं कांद्यास साठ ते नव्वद ग्रेच्या आसपास मात्रा देतात. तेवढ्यानें कोंबाच्या पेशींची वाढ खुंटते. पाकळ्यांच्या पेशी मुळीं विभागतच नसल्यामुळें कांदा कांदाच राहतो. या केंद्रांतून २००७ मध्यें किरणसंस्कार केलेला आंबा अमेरिकेसहि गेला. किरण कांद्यांतून वा आंब्यांतून निघून जातो. दिव्याचा उजेड जसा दिवा मालवल्यावर भिंतींत साठून राहत नाहीं, तसा तोहि फळांत उरत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

येथपर्यंतची हकीगत बरीच जुनी झाली. पण शास्त्रज्ञांस एक गोष्ट सतत खटकत असे. एकाच मात्रेचा किरण दोन पेशींवर पडतो. एक दुरुस्त होऊन कामास लागते, दुसरी मरते. एका रुग्णाची गांठ विरते, दुसऱ्याची तशीच दिसणारी गांठ किरणांस दाद देत नाहीं. घाव सारखा असतांना परिणाम निराळा कां? अर्थात् निकाल केवळ घावावर लागत नसून पेशी त्या घावास काय उत्तर देते यावर लागतो. हें उत्तर ठरवितो कोण? त्याचा शोध घेतां घेतां शास्त्रज्ञांची दृष्टि अशा एका मंडळीकडे वळली कीं, जिची तोंवर कोणीं गणतीच केली नव्हती.

डीएनएचा ग्रंथ केंद्रकाबाहेर जात नाहीं. त्यांतील हवी ती कृति आरएनए नांवाच्या एकपदरी धाग्यावर उतरवून बाहेर पाठविली जाते, व तिच्याबरहुकूम प्रथिन बनतें. हा झाला निरोप्या आरएनए. परंतु मनुष्याच्या एकंदर डीएनएपैकीं प्रथिनांच्या कृति सांगणारा भाग शेंकडा दोनहूनहि कमी आहे. उरलेल्या भागावरूनहि नकला निघतात, मात्र त्यांपासून प्रथिन बनत नाहीं. अशा पुष्कळ नकलांस बराच काळ निरर्थक समजण्यांत येत असे.

१९९३ मध्यें अमेरिकेंतील व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन हे दोघे मातींत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या किड्याचा अभ्यास करीत होते. त्या किड्याची वाढ योग्य वेळीं पुढच्या अवस्थेंत नेणारें एक जनुक प्रथिन मुळीं बनवीतच नाहीं. त्यापासून निघतो तो फक्त बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा, असें अँब्रोस यांस आढळलें. हा चिमुकला तुकडा दुसऱ्या एका निरोप्या आरएनएस जाऊन चिकटतो व त्याचें काम थांबवितो, हें दोघांच्या संशोधनाची सांगड घालतां स्पष्ट झालें. किड्याची ही कांहीं तरी विचित्र खोड असावी, असें समजून पुष्कळांनीं तिकडे दुर्लक्ष केलें. परंतु २००० मध्यें रव्हकन यांच्या प्रयोगशाळेंत सांपडलेला 'लेट-७' नांवाचा तसाच दुसरा तुकडा किड्यापासून माणसापर्यंत जवळजवळ अक्षरशः तोच असल्याचें दिसलें, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. आज माणसांत असे एक हजाराहून अधिक तुकडे ज्ञात आहेत. त्यांस मायक्रो-आरएनए म्हणतात. या शोधाबद्दल अँब्रोस व रव्हकन यांस २०२४ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या तुकड्यांचें काम आमच्या भागांतील वाचकांस समजावून देण्यास पाटकऱ्यासारखा दुसरा दृष्टान्त नाहीं. भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, आणि प्रवरेच्या कालव्यांनीं हा मुलूख हिरवा केला. कालव्याचें पाणी पाटकऱ्याचें नव्हे. शेतहि त्याचें नव्हे. तो पेरीत नाहीं कीं कापीत नाहीं. तरी कोणत्या चारीस किती वेळ पाणी सोडावयाचें, हें त्याच्या हातीं असतें. दार थोडें खालीं सारलें तर एक ऊंस वाळतो. वर ओढलें तर दुसऱ्याचें रान उपळतें. मायक्रो-आरएनए स्वतः कांहीं बनवीत नाहीं. पण कोणतें प्रथिन किती बनावें, याचें दार तो खालीं-वर करतो. एकेका मायक्रो-आरएनएच्या ताब्यांत अशीं अनेक दारें असतात, आणि एकाच दारावर अनेकांचा हातहि असतो. पेशींत तो तयार होतो तेव्हां प्रथम लांबट व केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो. ड्रोशा व डायसर नांवाचीं दोन प्रथिनें त्यास कातरीप्रमाणें कापून बावीस अक्षरांवर आणतात. हीं दोन नांवें लक्षांत असूं द्यावीं.

आतां असें समजा कीं, कालवा फुटला. जाणता पाटकरी काय करील? प्रथम वरचें दार पाडून पाणी थांबवील. मग माती, दगड व माणसें यांची जुळवाजुळव करील. आणि कोणी तरी फुटल्या जागीं उभा राहून 'येथें, येथें' म्हणून हाक देत राहील. किरणांनीं धागा तुटला असतां पेशींत हींच तीन कामें व्हावीं लागतात, आणि तिन्ही ठिकाणीं लघु आरएनएंचा संबंध आढळून आला आहे.

पहिलें काम थांबविण्याचें. पेशींत पी-५३ नांवाचें एक पहारेकरी प्रथिन आहे; त्याचा शोध १९७९ मध्यें लागला. धागा तुटल्याची वर्दी मिळतांच तें जागें होतें. २००७ मध्यें अनेक प्रयोगशाळांनीं एकाच सुमारास दाखविलें कीं, पी-५३ जागें झालें म्हणजे मायक्रो-आरएनए-३४ या कुळाचें प्रमाण झपाट्यानें वाढतें. हा तुकडा पेशीची विभागणी चालविणाऱ्या प्रथिनांचीं दारें पाडतो. पेशी थबकते, तिला दुरुस्तीस उसंत मिळते. आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर मरणाचा मार्ग मोकळा होतो. कित्येक कर्करोगांत पी-५३ बिघडलेलें असतें. अशा पेशींत हें दार वेळेवर पडत नाहीं. तुटका धागा घेऊनच त्या विभागत राहतात.

दुसरें काम दुरुस्तीच्या साहित्याचें. जेथें धागा तुटतो, तेथील वेटोळ्याच्या एका प्रथिनावर पेशी खूण करते, आणि त्या खुणेवरून दुरुस्तीचीं प्रथिनें गोळा होतात. २००९ मध्यें असें आढळलें कीं, ज्या रक्तपेशींची वाढ पुरी होऊन विभागणी थांबलेली आहे, त्यांत मायक्रो-आरएनए-२४ वाढलेला असतो, व तो हें खुणेचें प्रथिनच कमी करून टाकतो. परिणामीं त्या पेशींची दुरुस्तीची शक्ति मंदावते. ज्यांस पुढें विभागावयाचेंच नाहीं, त्यांनीं दुरुस्तीवर खर्च कां करावा, असाच जणु हा हिशेब असावा. उलट, धागा तुटल्याची वर्दी देणारीं प्रथिनें कांहीं मायक्रो-आरएनएंची घडण जलद करवितात, असें २०११ मध्यें दिसून आलें. म्हणजे हुकूम एकाच बाजूनें जात नाहीं. पहारेकरी पाटकऱ्यास जागा करतो, आणि पाटकरी पहारेकऱ्यासहि आवरतो.

तिसरें काम सर्वांत नवलाचें. २००९ मध्यें नारिंगी रंगाच्या एका बुरशींत असें आढळलें होतें कीं, डीएनएस इजा झाली म्हणजे वीस-एकवीस अक्षरांचे नवे आरएनए तुकडे तयार होतात. २०१२ मध्यें चीनमधील संशोधकांनीं मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपांत, तसेंच मनुष्याच्या पेशींतहि, तुटलेल्या जागेच्याच अक्षरांचे असे तुकडे दाखविले. त्याच वर्षीं इटलींतील मिलान येथें फाब्रित्सियो द'अद्दा दि फान्यान्या व त्यांचे सहकारी यांनीं फार सुंदर प्रयोग केला. त्यांनीं पेशींतून ड्रोशा व डायसर या कातऱ्याच काढून घेतल्या. तेव्हां किरणांच्या घावानंतर दुरुस्तीच्या प्रथिनांचे जे ठिपके घावाच्या जागीं दिसावयाचे, ते नीट जमेनात. दुसऱ्या प्रयोगांत त्यांनीं पेशींतील आरएनए नष्ट केला. जमलेले ठिपके विखुरले. नंतर तुटलेल्या जागेचीं अक्षरें असलेले लघु आरएनए परत घातले. ठिपके पुन्हा जमले! फुटल्या जागीं उभा राहून हाक देणारा तो हाच, असें त्यांचें म्हणणें. ही हाक प्रत्येक घावास लागतेच कीं काय, व ती नेमकी कशी ऐकूं जाते, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि वाद चालू आहे. आणि तसा तो असणें हेंच शास्त्राच्या निरोगी प्रकृतीचें लक्षण होय.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे आतां परत येऊं. लहान मुलांच्या मेंदूंत होणाऱ्या घातक गांठींत मेड्युलोब्लास्टोमा ही सर्वांत अधिक आढळते. ती डोक्याच्या मागील बाजूस, लहान मेंदूंत उद्भवते. मूल अडखळत चालूं लागतें, सकाळीं उठतांच डोकें दुखतें, उलटी होते. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, आणि औषधें. गांठीचे कण पाठीच्या कण्यांतील द्रवांतून पसरण्याचा धोका असल्यामुळें किरण केवळ गांठीच्या जागेस देऊन भागत नाहीं. सर्व मेंदू व सर्व कणा यांस द्यावे लागतात. बेताच्या धोक्याच्या रुग्णास ही मात्रा एकंदर तेवीस-चोवीस ग्रे, अधिक धोक्याच्यास छत्तीस ग्रे, आणि गांठीच्या मूळ जागीं सुमारें चौपन्न ग्रे असते. पुष्कळ मुलें यानें वांचतात. परंतु वाढत्या मेंदूस या किरणांची किंमत मोजावी लागते: स्मरण मंदावतें, शिकण्याची गति कमी होते, उंची खुंटते. ज्या उपायानें प्राण वांचतो, त्याच उपायानें पाटीवरचें गणित अवघड होतें, असा हा कठीण व्यवहार आहे. म्हणून कोणत्या मुलास किती कमी मात्रा पुरेल, हें कळणें म्हणजे त्या मुलाचें पुढील सर्व आयुष्य पदरांत पाडून घेणें होय.

याच प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रांतच मोलाचें काम झालेलें आहे. मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडण्यांत आलें. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. अशा रोगावर आपल्या देशांतच उपचार व्हावे, या कल्पनेंतून तें उभें राहिलें. १९६२ पासून तें अणुऊर्जा खात्याच्या व्यवस्थेखालीं आहे. त्याचीच संशोधनाची शाखा नव्या मुंबईंत खारघर येथें आहे. तेथें डॉ. नीलम शिरसाट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेड्युलोब्लास्टोमाच्या गांठींतील मायक्रो-आरएनए तपासले. ही गांठ दिसावयास एक असली तरी आंतून चार निरनिराळ्या प्रकारची असते, असें आतां मानलें जातें. त्यांपैकीं 'विंट' नांवाच्या प्रकारांतील मुलें सर्वांत चांगलीं बरीं होतात. शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलें पांच वर्षांपुढें जगतात. खारघरच्या मंडळींस २०१० मध्यें असें आढळून आलें कीं, याच प्रकारच्या गांठींत कांहीं ठराविक मायक्रो-आरएनए भरपूर वाढलेले असतात. त्यांपैकीं १९३-ए व २२४ हे दोन प्रयोगशाळेंत वाढविलेल्या गांठीच्या पेशींत मुद्दाम वाढविले, तेव्हां त्या पेशींची वाढ मंदावली व किरणांपुढें त्या अधिक दुबळ्या ठरल्या. विंट प्रकारचीं मुलें चांगलीं कां बरीं होतात, याच्या कारणांपैकीं एक येथें असूं शकेल.

या शोधाचा दुसरा उपयोग अधिक तातडीचा. गांठीचा प्रकार ओळखावयाचा तर तिच्या पेशींतील आरएनए तपासावा लागतो; आणि आपल्याकडे शस्त्रक्रियेंत काढलेली गांठ फॉर्मॅलिनमध्यें घालून मेणाच्या वडींत जपून ठेवण्याची रीत आहे. तींत लांब आरएनएचे तुकडे तुकडे होऊन जातात. मायक्रो-आरएनए मात्र मुळांतच इतका आखूड कीं, तो मोडावयाचा तो काय? वादळांत वृक्ष उन्मळतात व गवत राहतें, तसा हा धाकटा सेवक मेणांत शाबूत राहतो. त्याच्या साह्यानें अशा जुन्या वड्यांवरूनहि गांठीचा प्रकार ओळखण्याची चांचणी खारघर येथें तयार करण्यांत आली व २०१३ मध्यें ती प्रसिद्ध झाली.

मग विंट प्रकारच्या मुलांस किरणांची मात्रा कमी कां करूं नये? असाहि प्रयत्न टाटा स्मारकाच्या डॉक्टरांनीं केला. त्यांनीं मोजक्या मुलांस सर्व मेंदू व कणा न देतां केवळ गांठीच्या जागेसच किरण दिले. परंतु त्यांतील कांहीं मुलांत किरण न दिलेल्या भागांत रोग पुन्हा दिसला, तेव्हां त्यांनीं हा अभ्यास वेळींच थांबविला, व तो प्रामाणिकपणें प्रसिद्धहि केला. पुढें सर्व भागास, पण नेहमींपेक्षां कमी मात्रा द्यावी, अशी वाट त्यांनीं धरली. आमच्या मतें या लेखांतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच. चांगली आशा हातीं असतांहि मूल डोळ्यांपुढें ठेवून पाऊल मागें घेण्यास जो धीर लागतो, तोच खऱ्या शास्त्रज्ञाचा धीर होय.

इतर ठिकाणींहि काम चालू आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत लेट-७ वाढविला असतां त्या किरणांस अधिक वश होतात, असें २००७ मध्यें दिसलें. उंदरांवर किरण सोडले असतां त्यांच्या रक्तांतील मायक्रो-आरएनए-१५० मात्रेच्या प्रमाणांत घटतो, असें २०१३ मध्यें दिसलें. अणुभट्टींत अपघात झाल्यास कोणास किती इजा पोंचली, हें पुढेंमागें रक्ताच्या थेंबावरून समजावें, अशी यांतून उमेद वाटते. तथापि कोणी मायक्रो-आरएनएचें औषध म्हणून कांहीं विकूं लागल्यास वाचकांनीं फसूं नये. एकेक पाटकरी अनेक दारें सांभाळतो. त्यास एका कामासाठीं हलविलें तर दुसऱ्या शेतांत काय होईल, याचा नेम नसतो. मायक्रो-आरएनए-३४ औषध म्हणून माणसांस देण्याचा एक प्रयत्न २०१६ मध्यें रुग्णांस झालेल्या गंभीर अपायांमुळें थांबवावा लागला. ज्ञान झालें म्हणजे लगेच औषध झालें, असें होत नाहीं.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आज आम्ही असें उत्तर देऊं: "बाळ, किरणास आपपर कळत नाहीं, तो कोंब, गांठ व मेंदू यांत भेद करीत नाहीं. भेद करतात तो दोघे. एक डॉक्टर: ते किरण नेमके रोखतात, आणि एकंदर मात्रा सुमारें दोन दोन ग्रेच्या हप्त्यांनीं कित्येक आठवडे वांटून देतात. दुसरी स्वतः पेशी: निरोगी पेशी त्या अवकाशांत आपलें दार पाडते, हांक देते व धागा सांधून घेते, गांठीची पेशी उतावळेपणानें विभागत राहते व त्यांतच मरते. हा भेद पुरता पक्का नाहीं, म्हणून तुझ्या बहिणीस त्रास होईल. परंतु तो वाढविण्याच्या खटपटींत आज कित्येक माणसें आहेत, आणि त्यांतील कांहीं आपल्या मुंबईंतच आहेत."

ती मुलगी उपचार संपवून परत आली आहे. डोक्यावर केस पुन्हा येऊं लागले आहेत. पाढे म्हणतांना मात्र ती थांबते. प्रथम प्रथम कांहीं मुलें तिच्या शेजारीं बसण्यास कचरत होतीं. 'तिच्या अंगांत किरण आहेत,' असें कोणी तरी त्यांना सांगितलें होतें. वाचकांस लासलगांवचा कांदा आठवत असेल. यंत्रांतून बाहेरून दिलेले किरण अंगांतून निघून जातात. ते शरीरांत राहत नाहींत, दुसऱ्यास लागत नाहींत, आणि कर्करोगहि शेजारीं बसल्यानें लागत नाहीं. तिच्या पेशींनीं हजारों तुटलेले धागे एकेक करून सांधले. ज्या सेवकांनीं त्यास हातभार लावला, ते बावीस अक्षरांएवढे लहान होते. वर्गांत तिच्यासाठीं बाकावर थोडें सरकून जागा करणें व एखादें गणित तिला दोनदां समजावून सांगणें, हें काम त्याहून मोठें नाहीं. तें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य करावें.